कर्जात बुडालेल्या घरानं धम्म कुठून वाचायला घ्यावा

परभणीच्या मोंढ्यात आणि त्याच्या मागच्या वस्त्यांत मी एकोणीस वर्षं पिग्मी गोळा केली. चहाची टपरी, पंक्चरवाला, भाजीवाली, हमाल. कुणाकडून वीस रुपये, कुणाकडून पन्नास. कुणाच्या घरात पैसा आटलाय हे पिग्मीवाल्याला त्या घरच्या बायकोच्या आधी कळतं. "आज राहू द्या दादा, उद्या डबल घ्या," हे सलग तिसऱ्या दिवशी ऐकलं की समजायचं, कुठला तरी हप्ता थकला. मग आईचं ऑपरेशन झालं, बहिणीचं लग्न झालं, पाठोपाठ दोन वर्षं सोयाबीन पाण्यात गेलं आणि तेच वाक्य मी दुसऱ्यांना ऐकवायला लागलो.

त्या वर्षी वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी वाचन चालायचं. मी मागं भिंतीला टेकून बसायचो. खरं सांगायचं तर वसुलीवाले घरी येण्याची ती वेळ होती, म्हणून जायचो. पण एका संध्याकाळी जे कानावर पडलं त्यानं मी ताठ बसलो. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या इणसुत्तात (इण म्हणजे कर्ज) बुद्ध भिक्खूंना विचारतात, प्रपंचात राहणाऱ्याला दारिद्र्य दुःखाचं असतं ना? मग पुढची पायरी: दरिद्री माणूस कर्ज काढतो, तेही दुःख. कर्जाला व्याज लागतं, तेही दुःख. व्याज थकलं की तगादा, तगाद्यामागून पाठलाग, आणि शेवटी बंधन. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे वर्णन आमच्या गल्लीतल्या कुठल्याही घराला लागू पडावं!

बुद्धानं गृहस्थाच्या गरिबीला कुठंही चांगलं म्हटलेलं नाही. चीवर (भिक्खूचं वस्त्र) आणि पात्रावर राहणं हे भिक्खूनं स्वतः निवडलेलं असतं. आपली ओढाताण आपण निवडलेली नाही. म्हणून अडचणीतल्या माणसाला 'समाधान मानून घे' असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. 'संतुट्ठी परमं धनं' हे धम्मपदात आहेच, पण ते हिशेब झाल्यावर वाचायचं. हिशेबाच्या जागी वाचलं तर ती पळवाट होते. मी ज्या क्रमानं बाहेर आलो आणि पुढं दहा-बारा घरांत वही घेऊन बसलो, तो क्रम खाली देतोय.

आधी जेवा

धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकेत, आळवी गावच्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. बुद्धाचं प्रवचन ऐकायला निघाला आणि नेमका त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. रानोमाळ हिंडून बैल सापडला तोवर उन्हं कलली होती. तो तसाच उपाशी, धापा टाकत सभेत आला. बुद्ध त्याच्यासाठी थांबले होते. काही जेवण उरलंय का, असं त्यांनी विचारलं, त्याला वाढायला लावलं आणि त्याचं पोट भरल्यावरच बोलायला सुरुवात केली. 'जिघच्छा परमा रोगा', भूक हा सगळ्यांत मोठा रोग, ही गाथा त्या प्रसंगाची.

याचा व्यवहारातला अर्थ असा की हप्ता भरण्यासाठी धान्याचे पैसे मोडायचे नाहीत. महिन्याची ज्वारी, तूर, तेल, मीठ, लेकरांचं दूध, घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या आणि वीजबिल एवढं आधी बाजूला काढा. उपाशी पोटी आणि रात्री नऊनंतर कुठल्याही कागदावर सही करू नका. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप त्याच वेळी उघडली जातात.

दुसरा बाण काढा, म्हणजे घरात सांगा

संयुत्त निकाय या दुसऱ्या पाली संग्रहात सल्लसुत्त आहे. माणसाला एक बाण लागतो, आणि त्या वेदनेवर तो चरफडतो, कुढतो, तेव्हा दुसरा बाण तो स्वतःच मारून घेतो. पीक गेलं, कर्ज झालं, हा पहिला बाण. 'लोक काय म्हणतील, मी कर्ता पुरुष कसला' हा दुसरा. मराठवाड्यात पहिल्या बाणानं माणूस अर्धा होतो आणि दुसऱ्यानं जातो. हे आपण गावोगाव बघितलंय.

दुसरा बाण उपटायचा एकच उपाय मला सापडला: घरात खरा आकडा सांगणं. मी बायकोला तीन वर्षं अर्धाच आकडा सांगितला होता. पूर्ण सांगितला त्या रात्री ती रडली नाही. "कामून लपवलं एवढे दिवस? मला वाटायलं होतं तुमचं बाहेर काही तरी आहे," म्हणाली. मग तिनंच मला न सांगितलेली किराण्याची उधारी सांगितली. अकरा हजार!

मनात रोज एकच विचार घोळत असेल, झोप उडाली असेल, जगू नये असं वाटत असेल, तर वही नंतर. आधी १४४१६ वर फोन करा. ही सरकारची मानसिक आधाराची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री चालते आणि मराठीत बोलता येतं. घरात कुणाला तसं वाटतंय अशी शंका आली तर त्याला एकटं सोडू नका आणि फवारणीचं औषध घराबाहेर, कुलपात ठेवा.

वही

शंभर पानी वही आणा. पहिलं पान दुःखाचं: कुणाचं किती देणं आहे. दुसरं कारणाचं: ते कशामुळं झालं. तिसरं पान दुःख संपेल तेव्हाचं: महिन्याला किती मोकळे राहिले तर हे फिटेल. चौथं वाटेचं: कोण काय करणार. चार आर्यसत्यं मी अशी चार पानांत बसवली, विहारातल्या भंतेजींना दाखवली, ते हसले आणि 'चालू द्या' म्हणाले.

पहिल्या पानावर पाच रकाने: कुणाचं, मुद्दल, व्याज, महिन्याला किती जातं, आतापर्यंत किती दिलं. शेवटचा रकाना कुणी भरत नाही आणि डोळे तोच उघडतो.

एका घरचा हिशेब बघा. नवरा मोंढ्यात हमाल, बायको निंदणी-वेचणीला जाते, दोन एकर कोरडवाहू. महिन्याची सरासरी कमाई १५,०००. सोसायटीचं पीककर्ज ५०,०००. महिलांच्या गटावर घेतलेलं फायनान्सचं कर्ज, हप्ता ३,०००. मोबाइलचा हप्ता १,४५०. किराणा उधारी ९,०००. आणि गावातल्या एकाकडून घेतलेले ४०,०००, शेकडा पाचानं. चौदा महिने झाले, दर महिन्याला २,००० जातात. पाचव्या रकान्यात २८,००० लिहिले आणि मुद्दलाच्या रकान्यात अजून ४०,०००च. नवरा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडं बघत राहिला.

शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. 'पाच' हा आकडा लहान वाटतो, म्हणून फसायला होतं. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाच्या जावयाचा, उषवदाताचा शिलालेख आहे. त्यानं भिक्खूंच्या चीवरासाठी २,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेणीकडं, म्हणजे संघटनेकडं, ठेवले, महिना शेकडा एक दरानं. त्याचं वर्षाचं व्याज २४० येतं आणि लेखातही तसंच आहे: वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा. एकोणीसशे वर्षांपूर्वी संघाच्या ठेवीवर शेकडा एक, आणि आज आपल्याच भावकीतला माणूस आपल्याकडून शेकडा पाच घेतो.

त्या घरात अर्ध्या तोळ्याची पोत होती. ती बँकेत गहाण ठेवून साधारण शेकडा एकच्या आसपास ४०,००० उचलले आणि खासगी देणं एका दिवसात मिटवलं. मग बँकेत महिन्याला तेच २,००० भरायचं ठरलं. पहिल्या महिन्यात व्याज ४००, म्हणजे १,६०० मुद्दलातून कमी. या हिशेबानं तेविसाव्या महिन्यात कर्ज फिटतं. तेवीस महिने तेच २,००० सावकाराला दिले असते तर ४६,००० गेले असते आणि मुद्दल जागेवर राहिलं असतं. दोन गोष्टी मात्र आधी विचारून घ्या: मुद्दल थोडं थोडं भरता येतं का, आणि नूतनीकरणाची तारीख कोणती. ती तारीख चुकली तर पोत लिलावात जाते. आणि बाईनं मनापासून 'हो' म्हटल्याशिवाय पोतीला हात लावायचा नाही.

कुणाचं आधी फेडायचं

ज्याचं व्याज जास्त त्याचं आधी, हा साधा नियम. पण गावात माणूस आधी त्याचं फेडतो जो जास्त ओरडतो. ते थांबवायचं. पीककर्ज मात्र नियमाला अपवाद आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर आपल्या राज्यात व्याज शून्य पडतं, मुदत गेली की ती सवलतही जाते. म्हणून त्याची तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात.

खासगी सावकारीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण लोक इथं सगळ्यांत जास्त घाबरतात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार परवान्याशिवाय व्याजबट्टा करणं गुन्हा आहे. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के एवढेच दर शासनानं ठरवून दिलेत. चक्रवाढ लावता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तक्रार तालुक्याला सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं किंवा जिल्हा उपनिबंधकांकडं लेखी द्यायची. आपल्याकडं 'पैसे दिले की परत करतो' या बोलीवर जमिनीचं खरेदीखतच करून घेतात. असा व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल आणि तो सावकारीतून झाल्याचं चौकशीत दिसलं, तर जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. कोरा चेक आणि कोरा बाँड दिला असेल तर तेही तक्रारीत लिहा. कधी दिला, कुणासमोर दिला, चेकचा नंबर काय, सगळं. फोनवरून गेलेले पैसे हा चांगला पुरावा असतो; यापुढं रोख देऊच नका.

गटाच्या फायनान्सबद्दल रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम आहेत. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या घराला असं कर्ज विनातारण द्यायचं असतं. घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नकोत. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ-धमकी करायची नाही. आधी त्या कंपनीकडं लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. माहितीसाठी १४४४८. हप्ता जमणार नसेल तर तारखेच्या आधी स्वतः शाखेत जा आणि मुदत वाढवून मागा. सिगालसुत्तात, म्हणजे बुद्धांनी गृहस्थाला केलेल्या उपदेशात, जुगाऱ्याबद्दल म्हटलंय की सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. तोंड चुकवणाऱ्या कर्जदाराचंही तसंच होतं. मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

तळ्याची भोकं

कोलियांच्या कक्करपत्त गावात दीघजाणू नावाच्या माणसानं बुद्धांना विचारलं होतं: आम्ही लेकराबाळांत राहणारी, चंदन-माळा लावणारी, सोनं-चांदी बाळगणारी माणसं, आम्हाला झेपेल असं सांगा. त्याला बुद्धांनी निर्वाण सांगितलं नाही. मेहनत आणि कसब, कमावलेल्याची राखण, चांगली संगत, आणि आवक बघून जावक, या चार गोष्टी सांगितल्या. तराजू धरणाऱ्याला जसं पारडं किती झुकलं ते कळतं, तसं गृहस्थाला जमा-खर्च कळला पाहिजे. पुढं तळ्याची उपमा आहे: पाणी यायला चार वाटा, जायला चार वाटा. यायच्या वाटा बंद, जायच्या उघड्या आणि पाऊसही नाही, तर तळं आटणारच. जायच्या वाटा म्हणजे बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार, वाईट संगत.

पिग्मीवाला म्हणून सांगतो, दारूचा खर्च कुणीच खरा सांगत नाही. रोजची ऐंशीची क्वार्टर धरा: महिन्याला २,४००. वरच्या घराच्या बँकेच्या हप्त्यापेक्षा जास्त. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्रानं २०२५ मध्ये कायद्यानं बंदी आणली, पण मटका काही दिल्लीला विचारून चालत नाही.

आता जे लिहितोय त्यावर शिव्या बसतील. आमच्या समाजात आणखी एक भोक आहे, त्याला 'इज्जत' म्हणतात. बौद्ध पद्धतीचा मंगल परिणय खरं तर अर्ध्या तासाचा: पांढरे कपडे, त्रिसरण-पंचशील, हार. त्यावर आपण मंडप, घोडा, डीजे आणि तीनशे माणसांचा आहेर चढवला. जयंतीला कर्ज काढून वर्गणी देणारी घरं मी पाहिलीत, आणि त्याच घरातल्या पोरीची कॉलेजची फी थकलेलीही पाहिलीय. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढलं ते कुणाच्या पोरांसाठी, हे आपल्याला भाषणात आठवतं, वर्गणीच्या पावतीवर आठवत नाही. माझा नियम: कर्ज असेपर्यंत वर्गणी ५१ रुपये. दान द्यायचं, अगदी 'अप्पम्पि', थोडक्यातलं थोडं, पण उधारीतून नाही.

चार भाग, आपल्या मापानं

सिगालसुत्तातली गाथा अशी: 'एकेन भोगे भुञ्जेय्य, द्वीहि कम्मं पयोजये, चतुत्थञ्च निधापेय्य, आपदासु भविस्सति.' कमाईचा एक भाग खायला, दोन धंद्यात, चौथा अडीअडचणीला. पंधरा हजारांच्या घरात एका भागात, पावणेचार हजारांत, पाच जणांचं पोट भरणार नाही. म्हणून हे माप आहे तसं लावू नका. त्यातली दिशा घ्या. धंद्याचा पैसा वेगळा आणि चौथा भाग, कितीही बारका, वेगळा. बियाण्या-खताचे पैसे घरखर्चाच्या डब्यात मिसळले की जूनमध्ये पुन्हा आडत्याच्या दारात उभं राहावं लागतं. चौथा भाग मी रोज दहा रुपयांनी सुरू केला. वर्षाला ३,६५०. हसू येईल, पण त्यातूनच मोटारीची वायंडिंग उधारी न करता भरता आली.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी वेगळं पान लागतं. मुकादमाकडून घेतलेली उचल ही कमाई वाटते आणि तशीच खर्च होते. ती कर्जाच्या पानावर लिहा. किती टन तोडले, किती वळते झाले, हे दर पंधरवड्याला स्वतःच्या वहीत, पोराकडून का होईना, उतरवून घ्या.

यायच्या वाटा वाढवायच्या तर तालुक्याचे खेटे चुकत नाहीत. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेत चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमिनीची तरतूद आहे. अर्ज समाजकल्याण खात्याकडं. जमीन मिळायला वर्षं लागतात, तरी अर्ज टाकून ठेवा. धंद्यासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ, वसतिगृह न मिळालेल्या पोरांसाठी स्वाधार योजना. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक यांच्या पाच-पाच झेरॉक्स एका पिशवीत कायम तयार. एजंटला पैसे देऊ नका. त्या पैशात चार वेळा जाऊन येणं होतं. कुटदंतसुत्तात पुरोहित राजाला सांगतो की शेतकऱ्याला बी-बियाणं द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला पगार द्या. तेव्हा योजना मागायला लाजायचं कारण नाही. ती भीक होत नाही.

संगत

चांगल्या संगतीला धम्मात कल्याणमित्र म्हणतात. तो फक्त गोड बोलणारा नव्हे. माझा कल्याणमित्र एक निवृत्त तलाठी होते. दर पौर्णिमेला वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर माझी वही मागायचे. "दाखवा. हे बाराशे कशाचे?" एवढंच. त्या प्रश्नाच्या धाकानं मी दोन वर्षं एकही नवा हप्ता लावला नाही. तुमच्या विहारात, बचत गटात असा एक माणूस शोधा. तो श्रीमंत नसला तरी चालेल, पण त्याच्यावर स्वतःवर कर्ज नसावं आणि त्याच्या तोंडात गोष्ट राहावी.

आनापान, म्हणजे श्वासावरचं ध्यान, रोज दहा मिनिटं करतो. त्यानं कर्ज फिटत नाही. पण दारात गाडी थांबली की छातीत जे धडधडायचं ते ओळखता यायला लागलं, आणि ओळखलं की माणूस मागच्या दारानं पळत नाही, पुढच्या दारात येऊन "बसा, वही आणतो" म्हणतो.

अनाथपिंडिक या आपल्या गृहस्थ उपासकाला बुद्धांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली. त्यातलं एक 'अनणसुख', कुणाचं काही देणं नसल्याचं सुख. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर सहा नावं होती. पाच खोडली गेलीत. सहावं किराणावाल्याचं आहे, साडेतीनशे रुपये, आणि बायको म्हणते ते राहू द्या, नाही तर तो आपल्याशी बोलायचा बंद होईल.